माझ्या हाताला काहीही झालेलं नाही

१ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. डोकं शाबूत आहे याचा लेखी पुरावा घरात असलेला बरा. एडविना आमच्या समुद्रकाठच्या ख्रिस्ती वस्तीभर सांगत सुटली आहे की उर्सुलाला आताशा काही आठवत नाही. एडविना माझी नणंद. पलीकडच्या गल्लीत राहते. लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या संसारात लक्ष घालायला तिला दिवसभर मोकळीक.

या महिन्याचे ठराव. नाताळचे केक वेळेत संपवणे. एडविनाशी न भांडणे. जावयाला नावं न ठेवणे, निदान त्याच्या तोंडावर.

माझी मुलगी क्लॅरिस बावीस तारखेला पर्थहून येते आहे. जावई, बाळ, सगळे. सत्तावीसला आमच्या चॅपलमध्ये बाळाचा बाप्तिस्मा. थेसेरांच्या घरात, म्हणजे माझ्या सासरी, बाळाला बाप्तिस्म्याला आजी नेते. उंबरठ्यापासून चॅपलमधल्या पाण्याच्या कुंडापर्यंत, मध्ये कोणाच्या हातात न देता. माझ्या सासूने क्लॅरिसला नेलं तेव्हा तिला एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने तिला मी दिसलेली चालत नसे. तरी नेलं. गल्लीतली माणसं दोन्हीकडच्या व्हरांड्यांत उभी राहून बघतात. बाळाकडे कमी, आजीकडे जास्त.

बाप्तिस्म्याचा सूजी केक, म्हणजे रव्याचा, तोही आजीनेच करायचा असतो.

बाळाचं नाव जॅक्सन. बायबलात हे नाव कुठल्या पानावर आहे ते मला कोणीतरी दाखवावं.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला जरा दुखतं आहे. काही नाही. हातावर झोपले असेन.


३ डिसेंबर, बुधवार

हातावर झोपले नव्हते. काल मुद्दाम उताणी झोपले, तरी दुखतंय.

कारण सापडलं. पंखा. त्याचा वारा थेट मनगटावर येतो. पलंग भिंतीकडे सरकवला. सरकवताना मनगट जास्त दुखलं, म्हणजे निदान बरोबर आहे.

नाताळचे केक सुरू केले. वस्तीतल्या अर्ध्या घरांत माझाच केक जातो. उरलेल्यांना हवा असतो, पण मागायची लाज वाटते. रवा आदल्या दिवशी लोण्यात भिजत टाकायचा. दुसऱ्या दिवशी उरलेलं लोणी आणि साखर इनॅमलच्या पातेल्यात घ्यायची, पातेलं मांडीत धरायचं आणि लाकडी डावाने फेटायचं. पिवळ्या लोण्याचं पांढरं होईपर्यंत. नियम एकच: हात बदलायचा नाही, दिशा बदलायची नाही. दिशा बदलली की केक मधोमध फाटतो. ममाने शिकवलं, तिला तिच्या ममाने.

एडविना मशीनने करते. तिचा केक फाटत नाही, हा योगायोग आहे.


५ डिसेंबर, शुक्रवार

पंखा नाही. फोन. गेल्या वाढदिवसाला क्लॅरिसने पाठवलेला हा फोन म्हणजे फरशीचा तुकडा आहे आणि माझा अंगठा बेतशीर आहे. वरच्या कोपऱ्यातलं अक्षर दाबायला तो किती ताणावा लागतो! फोन कपाटात कुलूपबंद केला. दुपारी दोन केक फेटले. फेटताना हात सुरुवातीला ओरडतो, मग गप्प बसतो. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा नव्या मुली अशाच असत. म्हणजे फेटणं हा हाताला व्यायाम आहे.

संध्याकाळी एडविना धापा टाकत आली. क्लॅरिस सकाळपासून फोन करते आहे, ममी उचलत नाही, बघ जिवंत आहे का. मी म्हटलं, आहे. एडविना म्हणाली, ते दिसतंय, पण फोन कपाटात का? मी म्हटलं, तो विश्रांती घेतो आहे. आता ती हेही वस्तीभर सांगेल.


७ डिसेंबर, रविवार

मिस्सामध्ये, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत, हात मिळवून एकमेकांना शांती द्यायची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावरच्या इग्नेशियस गुंटिंगने माझा हात धरला. आयुष्यभर समुद्रातून जाळी ओढलेला माणूस. त्याने शांती इतकी जोरात दिली की माझ्या तोंडातून एक शब्द गेला. कॉन्व्हेंटमध्ये तो शब्द शिकवत नसत, कुठून आला कळत नाही. फादरनी मान वर करून पाहिलं. मी एडविनाकडे पाहिलं, म्हणजे सगळ्यांना वाटलं तीच.

तर कारण इग्नेशियस. दुखणं त्याच्याआधीपासून आहे हे खरं, पण तो दर रविवारी हस्तांदोलन करतो.

रोझरीचे मणीसुद्धा अंगठ्यानेच मोजते मी. देव क्षमा करो, पण आजपासून डाव्या हाताने.


९ डिसेंबर, मंगळवार

लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडेना. फडकं लावून पाहिलं, गरम पाणी ओतून पाहिलं. शेवटी लोणच्याशिवाय जेवायला बसले, तेवढ्यात एडविना आली. तिने बरणी उचलली, उघडली आणि ठेवली, बोलणं न थांबवता. मी म्हटलं, मी सैल करून ठेवली होती.

मग तिचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. म्हणाली, उर्सू, हे सुजलंय. मी म्हटलं, हाड आहे ते. म्हणाली, त्या हातावर नाही हे हाड. मग तिचं निदान: शरीरात वारा शिरला आहे, तू रात्री केस धुतेस. मी म्हटलं, वारा डोक्यातून शिरून अंगठ्यात कसा येईल, मध्ये बरंच काही आहे. म्हणाली, तुझ्या बाबतीत फारसं नाही. आणि मग, जणू सहज सुचल्यासारखं, यंदा बाप्तिस्म्याच्या केकला माझं मशीन आणू का?

मी म्हटलं, माझ्या घरात मशीन चालणार नाही. ममा वर बसून बघते आहे.

एडविना म्हणाली, वर बसून तिचेही हात दुखत असतील.

भांडले नाही. ठराव आहे. दार जरा जोरात लागलं, ते दाराचं.


११ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरकडे गेले. केवळ एडविनाचं तोंड बंद करायला.

डॉक्टर लोह म्हणजे शाळकरी मुलगा. मला आंटी म्हणाला. मी म्हटलं, मिसेस थेसेरा. म्हणाला, ओके आंटी.

मनगट दुखायला पुष्कळ कारणं असतात म्हणाला. सांधा झिजतो. नस दाबली जाते आणि बोटांना मुंग्या येतात. संधिवात असतो, युरिक ॲसिड असतं, थायरॉइड, शुगर. मला हे बोलणं आवडलं. एकदम भारदस्त वाटलं. पण मग त्याने पडला होतात का, मुंग्या येतात का, दुसरे सांधे दुखतात का, असं विचारत, दाबून बघत, एकेक कारण माझ्याकडून काढून घेतलं. शेवटी म्हणाला, अंगठा आत घेऊन मूठ मिटा. मिटली. त्याने ती मूठ करंगळीच्या बाजूला खाली वाकवली.

सिस्टर बेनेडिक्टाने बोटांवर पट्टी मारली तेव्हा मी ओरडले नव्हते. इथेही ओरडले नाही. बाहेर बाकावर बसलेली माणसं दुसऱ्याच कोणाचं काही ऐकून आत डोकावली असतील.

म्हणाला, अंगठा हलवणाऱ्या ज्या दोऱ्या असतात, त्या जिथून जातात ती नळी सुजली आहे. तीच ती हालचाल खूप वेळा केली की होतं. नव्या आयांना बाळ उचलून उचलून होतं. आंटी, तुम्ही हाताने काय काम करता?

मी म्हटलं, मी रिटायर्ड आहे.

यात खोटं काय आहे? टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. भिंतीवर त्यांनी दिलेलं घड्याळ आहे.

त्याने ते लिहून घेतलं. मग अंगठ्याला आधार देणारा पट्टा दिला. पिळणं, ढवळणं, उचलणं बंद. फरक नाही पडला तर इंजेक्शन. मी सहज विचारलं, सत्तावीसला बाळ उचलायचं झालं तर? म्हणाला, आजपासून हात नीट सांभाळला तर कदाचित. नाहीतर आंटी, बाळ तुम्ही धराल, पण हात धरणार नाही.

उद्धट. घरी येऊन संताप उतरवायला एक केक फेटला.


१३ डिसेंबर, शनिवार

पट्टा काल दिवसभर घातला. पट्टा घालून डाव धरता येत नाही. शिवाय लोणी लागतं. ज्याने घरातली साधी कामंही होत नाहीत तो पट्टा सदोष समजावा. आता फक्त चॅपलला जाताना घालणार. इग्नेशियसपासून संरक्षण.

केक चार राहिले आहेत, शिवाय बाप्तिस्म्याचा. नाही म्हणून कळवता येईल, पण मग सगळे एडविनाकडून घेतील आणि खाऊन म्हणतील की काही फरक नाही. हे एकदा म्हटलं गेलं की संपलं. मग माझ्याकडे कोण कशाला येईल? घड्याळ बघायला?

थकले आहे. ते हवेमुळे.


१५ डिसेंबर, सोमवार

आज माक जाहला बोलावलं. बाजारामागे राहते, मालीश करते. हातपाय मोडलेली पोरं आणि बाळंतिणी तिच्याकडे जातात. तिने हात मांडीवर घेतला, तेल लावलं, डोळे मिटले आणि अंगठा असा ओढला की मला माझा नवरा आल्बन दिसला. तो जाऊन नऊ वर्षं झाली. तो काही बोलला नाही, नेहमीप्रमाणे.

माक जाह म्हणाली, हे खूप काम केलेलं मनगट आहे, ताई. विश्रांती द्या. मी म्हटलं, तुम्हीसुद्धा?

आता हात दुप्पट सुजला आहे. म्हणजे आतली घाण वर येते आहे. चांगलं लक्षण.


१७ डिसेंबर, बुधवार

रंगीत तालीम.

क्लॅरिस म्हणते बाळ सहा किलोचं झालं. पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीला दुपटं गुंडाळलं, वर किलोभर साखर, आणि पट्टा न घालता ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारायला लागले. पहिली फेरी उत्तम. दुसरीत गल्लीतली मंडळी व्हरांड्यात उभी आहेत अशी कल्पना केली आणि मान थोडी वर घेतली. तिसऱ्या फेरीत अंगठ्यातून वीज गेली आणि जॅक्सन स्वयंपाकघरभर सांडला.

पिशवीची शिवण कच्ची होती. बाळाला शिवण नसते.

तांदूळ झाडत होते. डाव्या हाताने केरसुणी चालत नाही. मधेच खाली बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले. उठताना कुठला हात टेकायचा ते ठरेना म्हणून, बाकी काही नाही.


१९ डिसेंबर, शुक्रवार

साबेल आंटीला केक द्यायला गेले. ममाची धाकटी बहीण. नव्वदी उलटली, समुद्राकडच्या शेवटच्या घरात नातसुनेजवळ असते. मला पाहून म्हणाली, तू कोणाची गं? मी म्हटलं, आंटी, उर्सुला, तुमच्या रीटाची. म्हणाली, रीटाची मुलगी लहान आहे, तू म्हातारी आहेस.

मग माझ्या हाताला हात लावला आणि विचारलं, हे काय? मी म्हटलं, पंखा. आंटी म्हणाली, केक का? काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, हो, केक फेटला, एका हाताने, एका दिशेने, ममासारखा.

आंटी हसायलाच लागली. दात नाहीत, त्यामुळे हसू फार मोठं दिसतं. म्हणाली, एका हाताने? अगं वेडे, आम्ही पाच-सहा जणी गोल करून बसायचो. थोडं फेटायचं आणि पातेलं शेजारणीच्या मांडीवर. ती थोडं फेटणार, पुढे पुढे. दिशा बदलायची नाही एवढंच. हात तर बदलतच होतो, म्हणून तर जगलो. हात बदलू नको हे रीटा तुला ओरडायची, कारण तू दोन्ही हात पातेल्यात घालून लोणी खायचीस.

आंटीला हल्ली काही आठवत नाही. मी कोण हेसुद्धा नाही. अशा माणसाच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा?

घरी येऊन शेवटचा नाताळचा केक फेटायला घेतला. स्वयंपाकघरात सहा खुर्च्या आहेत. इतक्या कशाला ठेवल्या आहेत कोण जाणे. एक शेजारच्या मेरी-ॲनची होती, ती आता सिडनीला. ती खिडकीजवळची ममाची.

फेटत असताना उगाच पातेलं पुढच्या खुर्चीकडे सरकवून पाहिलं. खाली पडेल म्हणून परत घेतलं.


२२ डिसेंबर, सोमवार

आले!

बाळाचे कान आल्बनचे आहेत, बिचाऱ्याचे. बाकी देखणा आहे. माझ्याकडे पाहून तोंड वाकडं केलं नाही, एडविनाकडे पाहून केलं. एडविना म्हणते ढेकर होती.

क्लॅरिस म्हणाली, ममी, घे ना. मी म्हटलं, बसून घेते, प्रवासातून आलाय, उंची सोसायची नाही. खुर्चीत बसून, हाताखाली उशी ठेवून घेतला. वजन सगळं उशीला, कौतुक सगळं मला. झकास जमलं. जावई गॅव्हिन म्हणाला, वाव ममी, नॅचरल. जावई तितका वाईट नाही.

क्लॅरिस हाताकडे बघत होती. तिला ती सवय तिच्या बापाकडून. बोलायचं नाही, बघायचं. मी बाही खाली ओढली.

रात्री जेवताना एडविनाने सगळं सांगितलं. पट्टा, डॉक्टर, माक जाह, तांदूळ. तांदूळ तिला कसे कळले? क्लॅरिसने काटा-चमचा खाली ठेवला. म्हणाली, ममी, बाळाला मी नेते ना. किंवा गॅव्हिन. आजकाल कोणी काही म्हणत नाही. मी म्हटलं, गल्लीत राहतेस का तू, कोण काय म्हणतं ते तुला कसं कळणार? म्हणाली, मग केक तरी राहू दे, एडविना आंटी मशीनने करेल. एक काहीतरी कर, ममी.

एक काहीतरी. दुकानात उभी आहे का मी?


२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. आमच्या नाताळच्या तिखटजाळ डेबल करीत मिरची कमी पडली, वाटताना हात पुरला नाही. दुसऱ्यांदा कोणी घेतली नाही. बाळ झाडावरचे दिवे बघत राहिलं.

बाप्तिस्म्याच्या केकसाठी रवा लोण्यात भिजवला. हा केक तीन थरांचा करते. एवढ्या माणसांना लहान केक दिला तर लोक म्हणतील म्हातारी खचली.

उद्या केक, परवा बाळ. दोन्ही होणार. आयुष्यात ठरवलं ते केलं आहे. एक्स्चेंजमध्ये संपाच्या दिवशी एकटीने बोर्ड सांभाळला होता.


२६ डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळी.

लिहिण्यासारखं काही नाही. तरी लिहिते.

दुपारी जेवणं झाल्यावर बसले. बाळ आणि क्लॅरिस झोपलेली, गॅव्हिन पायरीवर बसून ऑस्ट्रेलियात कोणाशी तरी बोलत होता. लोणी-साखर पिवळी होती. ती थोडी फिकी झाली तोवर ठीक होतं. मग डाव हातातून सुटला. उचलला. पुन्हा सुटला. मी हाताला म्हटलं, धर. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ऐकलं नाही. बोटं डावाभोवती होती, पण धरत नव्हती. दुसऱ्या कोणाचा तरी हात माझ्या बाहीत घातल्यासारखा.

लोणी असंच राहिलं की पाणी सुटतं. अंडी फोडून ठेवलेली. सगळं फुकट जाणार. मी पातेलं मांडीत घेऊन बसून राहिले. समोर पाच रिकाम्या खुर्च्या. साबेल आंटीला नसेल काही आठवत, पण गोल तिने बरोबर सांगितला. ममा त्या खिडकीपाशीच बसायची आणि तिच्या शेजारी नेहमी कोणीतरी असायचं. ते कोण आणि का हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. हात बदलू नको, असं ती मला ओरडली, एवढंच ऐकलं आणि जन्मभर पाळलं.

फाटकाशी एडविना. हातात बाजाराची पिशवी, तिच्या वजनाने एका बाजूला वाकलेली. एवढा जड भाजीपाला नसतो. म्हणाली, सहज आले. मी म्हटलं, सहज लोक केळी आणतात.

ती आत आली नाही. उंबरठ्याबाहेर उभी राहून म्हणाली, तुझ्या घरात मशीन चालणार नाही, माहीत आहे मला. ओसरीवर लावते. ओसरी घर नव्हे.

हे कायद्याने बरोबर वाटलं.

वायर खिडकीतून बाहेर काढली. एडविनाने पातेलं मशीनखाली ठेवलं. मी खुर्ची ओसरीवर घेतली आणि देखरेख केली. सुपरवायझर होते मी, देखरेख हे माझंच खातं. बटण दाबलं. त्याचं पातं पातेल्यात एका दिशेने गोल जातं आणि त्याच वेळी स्वतःभोवती उलट फिरतं. दोन्ही दिशा! मी वर पाहिलं. काही झालं नाही. छताला फक्त पाल होती.

लोणी पांढरं झालं. मी करते त्याहून पांढरं, हे एडविना बोलली नाही याची नोंद करते.

मग अंडी घालायची आणि हलक्या हाताने मिसळायचं, ते मशीनने होत नाही. डाव तिने घेतला. थोड्या वेळाने म्हणाली, उर्सू, तू घे थोडं, डाव्या हाताने. मी घेतला. हात बदलला. दिशा बदलली नाही. पुन्हा तिने घेतला. पातेलं तिच्या मांडीवरून माझ्या मांडीवर, माझ्या मांडीवरून तिच्या. गल्लीतून जाणाऱ्यांनी पाहिलं. बघू देत.

केक फाटला नाही. माझा ओव्हन चांगला आहे.

रात्रीसाठी पट्टा घातला. उद्यासाठी.


२७ डिसेंबर, शनिवार

आजचं अक्षर डाव्या हाताचं. मला वाचता आलं म्हणजे झालं.

सकाळी सगळे ओसरीवर. बाळ पांढऱ्या सॅटिनच्या झग्यात, माशासारखं गुळगुळीत. थेसेरांचा झगा, क्लॅरिसनेही हाच घातला होता. गल्ली दोन्हीकडून भरलेली. इग्नेशियस गुंटिंगने टाय बांधला होता. क्लॅरिसने बाळ माझ्या हातात दिलं. मी घेतला आणि उंबरठ्याशी आले.

डावा हात त्याच्या पाठीखाली होता, त्याचं काही म्हणणं नव्हतं. उजवा त्याच्या बुडाखाली. बाळाने पाय झाडला, अंगठ्यातून ती वीज गेली आणि झगा सरकला. थोडासाच. बोटभर. कोणाला दिसलं नाही. मला दिसलं आणि क्लॅरिसला. तिचा श्वास ऐकला मी.

उंबरठा आता एका पावलावर होता. मान वर घेऊन निघाले असते तर गल्लीच्या अर्ध्यापर्यंत बहुतेक पोचलेही असते. अर्ध्यापर्यंत.

एडविना मागे उभी होती, केकचं झाकण धरून. मी म्हटलं, ते ठेव, आणि हा घे.

ती म्हणाली, मी? मी म्हटलं, दुसरी कोणी आहे का तिथे? ती म्हणाली, उर्सू, मी आजी नाही. मी म्हटलं, मशीनही माझं नव्हतं.

तिने घेतला. चाळीस वर्षं तिच्याशी भांडते आहे, पण हा चेहरा पाहिला नव्हता. पाहायला नको होता. आता भांडायला जड जाईल.

अजून उंबरठा ओलांडला नव्हता, त्यामुळे मध्येच कोणाच्या हातात दिलं असं होत नाही. हा मुद्दा मी फादरनाही समजावला. त्यांना कळला नाही. पण आजीने न्यायचं म्हणजे न्यायचं. म्हणून मी डाव्या हाताने झग्याखालून बाळाचा पाय धरला आणि एडविनाच्या बरोबरीने चालत निघाले. गल्लीभर. एडविना सावकाश चालते, मी भरभर, त्यामुळे पायाची जरा ओढाताण झाली. इग्नेशियस ओरडला, उर्सुला, पाय कशाला धरलायस? मी म्हटलं, पळून जाईल म्हणून. गल्ली हसली. हसू दे. सासूच्या वेळेला कोणी हसलं नव्हतं, पण तिला बघून कोणाची हसायची हिंमत नव्हती.

पाणी पडलं तेव्हा जॅक्सन रडला नाही. एडविना रडली.

केक सगळ्यांना आवडला. हाताची चव ती हाताचीच, मशीनला येत नाही, असं तिघीचौघी म्हणाल्या. मी मान डोलावली. एडविनाही मान डोलावत होती. साबेल आंटीला खुर्चीत बसवून एक तुकडा दिला. बराच वेळ चघळला. मग म्हणाली, अगदी रीटाचा. कितीजणींनी फेटला गं?

मी म्हटलं, दोघींनी.

म्हणाली, कमी होत्या.

सोमवारी डॉक्टर लोहकडे जाणार. इंजेक्शनसाठी नाही, सहज. त्याला सांगणार आहे की मी केक करते. दुखण्याचं कारण तेच असेल असं मी मानत नाही, पण मुलगा तरुण आहे, त्याला सगळी माहिती असावी. पलंग परत पंख्याखाली घेतला आहे.

आणि नोंद राहावी म्हणून: बाळाला चॅपलपर्यंत मीच नेलं. डावा पाय. बाकीचं बाळ एडविनाने आणलं.